एका पानाची ऊब

शीतकोशातली यंत्रणा मोठी अदबशीर होती. काही मागितलं तर ती "देत आहे" म्हणायची, काही ठेवायला दिलं तर "ठेवले" म्हणायची, आणि काही पुसायला सांगितलं तर "काढून टाकले" एवढंच पडद्यावर उमटवून गप्प बसायची. का, कशाला, नक्की ना, असले प्रश्न तिने त्या सोमवारी सकाळी विचारले नाहीत. विचारू नकोस असं हर्षला बोपचेनेच तिला तासाभरापूर्वी बजावून ठेवलं होतं. तीनशे बारा फायली पुसायच्या होत्या. दर फायलीमागे "खात्री आहे?" असं विचारणाऱ्या यंत्राला तीनशे बारा वेळा "हो" म्हणण्याइतका संयम तिच्याजवळ नव्हता. आपल्यापैकी कोणाजवळ असतो?

शीतकोश म्हणजे राज्यातल्या सगळ्या सरकारी दप्तरांची तिजोरी. वैनगंगेच्या खोऱ्यात मँगनीजची एक खाण बंद पडली होती, तिच्या तळाशी ही तिजोरी बांधली होती. तिथे शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर स्फटिकपट्ट्यांच्या रांगा उभ्या होत्या, आणि त्यांच्यात शंभर वर्षांचे आदेश, नकाशे, हक्कनोंदी आणि तक्रारअर्ज गारठून पडले होते. खाली माणूस कधी जात नसे. वेगवेगळे विभाग आपापल्या कचेरीतून आज्ञाद्वारातून बोलत. आज्ञाद्वार म्हणजे एका यंत्रणेने दुसरीला काम सांगायची ठरलेली खिडकी. आधीच्या पिढीतले लोक तिला एपीआय म्हणत. फडताळाचं नाव, फायलीचा क्रमांक आणि काय करायचं ते क्रियापद, एवढं खिडकीतून सरकवलं की काम झालं. खाणीच्या तोंडाशी एक दुमजली इमारत होती, तिच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि तिथे हर्षलाचं टेबल. पदाने ती विलोपन अधिकारी. लोक ठेवायला येतात, आपण पुसायला बसलोय, असं ती स्वतःच हसून सांगायची.

त्या दिवशीची यादी महसूल विभागातून आली होती. जुन्या इमारतीतून दप्तर हलवताना खैरटोला फडताळात तीनशे बारा फायली चुकून दोनदा चढल्या होत्या, त्या जादाच्या काढायच्या होत्या. यादी करणारा कारकून जुन्या वळणाचा असावा. रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही, लिहिण्यासारखं काही नसेल तर "निरंक" लिहायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. दोनशे सातव्या ओळीतल्या फायलीला क्रमांकच पडला नव्हता. त्याने तिथे इमानेइतबारे "निरंक" लिहिलं. यादी वाचणाऱ्या यंत्राला सरकारी मराठी उत्तम शिकवलेली होती. निरंक म्हणजे रिकामं, हे त्याने बरोबर ओळखलं आणि तो रकाना रिकामा करून आज्ञा पुढे सरकवली. फडताळ: खैरटोला. फाईल: काहीच नाही. क्रियापद: पुसा. आता फायलीचा क्रमांक दिलाच नाही, तर आज्ञाद्वार त्याचा एकच अर्थ लावतं. सगळं फडताळ.

वर हर्षलाने "कायम" ही खूणही लावली होती. एरवी पुसलेली फाईल महिनाभर टोपलीत पडून राहते आणि मागून घेता येते. पण मागच्या आठवड्यातल्या साफसफाईने टोपली गळ्यापर्यंत भरली होती. आज्ञा आधी कोरडी, म्हणजे प्रत्यक्ष काही न पुसता, चालवून बघायची सोयसुद्धा होती. ती तिने वापरली नाही, कारण गेल्या चार वर्षांत ती वापरून कधीच काही वेगळं निघालं नव्हतं.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी तिने मोजदाद पाहिली. काढलेल्या फायली: एक हजार सहाशे बावन्न. तीनशे बारा जादाच्या वजा केल्या तरी एक हजार तीनशे चाळीस उरत होत्या. खैरटोला फडताळात होत्याच तेवढ्या. तिने आकडा दोनदा वाचला, फडताळ उघडायची आज्ञा दिली, आणि यंत्रणेने अदबीने कळवलं की या नावाचं फडताळ नाही. मूळ कागद स्कॅन झाल्यावर लगद्यात गेले होते. नव्या फडताळाची राखीव प्रत महिनाअखेरीस निघायची होती, आणि आज तारीख होती नऊ.

घाबरायला आणखी एक कारण होतं. खैरटोला फडताळातल्या हक्कनोंदींच्या प्रमाणित प्रती घ्यायला साडेबारा वाजता एक बाई येणार होत्या. तशी वेळच त्यांना दिलेली होती.

पार्बताबाई वलथरे बारालाच आल्या. सत्तरीच्या, काटक, पायात प्लॅस्टिकच्या चपला आणि काखेत कापडी पिशवी. खैरटोल्याच्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीच्या त्या तीस वर्षं अध्यक्ष होत्या. चौसष्ट घरं आणि एक तलाव. त्या तलावात मासे आणि शिंगाडा काढायचा हक्क पिढ्यान् पिढ्या त्यांचा होता, आणि तो सरकारी दप्तरात पानोपानी नोंदलेला होता. आता गणनकेंद्र उभारणाऱ्या एका कंपनीला आपली यंत्रं थंड ठेवायला तोच तलाव हवा होता. तलावाला कुंपण पडणार की नाही, हे गुरुवारी जलहक्क न्यायाधिकरणात ठरायचं होतं. कंपनीचं सगळं म्हणणं एका कागदावर उभं होतं. अकरा वर्षांपूर्वीचा एक पानी आदेश, ढिवरांचे हक्क संपुष्टात आणल्याचा, तोही याच फडताळात होता. सोसायटीच्या वकिलांनी तो पाहिला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. तरी ते म्हणाले होते, शंभर कागद आपल्या बाजूने आहेत, ते तर मांडू, मग बघू.

हर्षलाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्राची चूक, यादीची चूक अशी पळवाट तिने काढली नाही. माझ्या हातून झालं, म्हणाली. सांगताना तिला रडू आलं आणि त्याची तिला लाजही वाटली, कारण रडायचा हक्क समोरच्या बाईंचा होता.

पार्बताबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवून दिला.

"म्हंजे आता आमचं नावच नाई कोठी?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

"माह्या सासऱ्याचा अंगठा होता त्याच्यात. त्याच्या बापाचा बी होता." त्या उठल्या नाहीत. "गुरवारपावतर काई होते का, ते पाय. मी येठीच हाओ बसून."

त्या खरंच बसल्या. खालच्या मजल्यावर पाहुण्यांच्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन. हर्षलाने वरिष्ठांना कळवलं, आणि तासाभरात तिच्या नावाने कारणे दाखवा नोटीस निघाली. तिच्या प्रती पाच ठिकाणी गेल्या होत्या.

नोटिशीची एक प्रत डॉ. प्रभाकर लांजेवारांनाही गेली, कारण शीतकोशाच्या थंडाव्याची जबाबदारी त्यांची होती आणि प्रतींच्या यादीत त्यांचं नाव सवयीने घातलं जाई. लांजेवार भौतिकीचे. निवृत्तीला आठ महिने उरलेले. खाणीत सोडलेल्या आपल्या ऊबमापीचा, म्हणजे कणभर उष्णताही टिपणाऱ्या उपकरणाचा, आलेख ते रोज सकाळी न चुकता बघत, आणि तो आलेख रोज सकाळी न चुकता सपाट असे. त्यावरून कॅन्टीनमध्ये त्यांची भरपूर थट्टा होई. सर, आज तरी लहर आली का, असं पोरंसोरं विचारत आणि ते गंभीरपणे "नाही आली" म्हणत.

नोटीस वाचून ते जिना चढून वर आले, ते आलेखाची पट्टी हातात घेऊनच. त्यांना धाप लागली होती.

"बोपचे मॅडम, तुम्ही किती पानं पुसली म्हणता?"

"दोन लाखांच्या आसपास."

"मग ही ऊब कुठे गेली?"

हर्षलाला त्या क्षणी ऊब, थंडी कशाचंच काही पडलेलं नव्हतं. पण लांजेवार खुर्ची ओढून बसले, आणि एकदा ते बसले की समजावून सांगितल्याशिवाय उठत नसत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माहिती पुसणं फुकट होत नाही. कुठलीही माहिती जगातून कायमची नाहीशी केली की तिच्या बदल्यात थोडी उष्णता बाहेर पडतेच. हा यंत्राचा दोष नाही, निसर्गाचाच हिशेब आहे, आणि त्यातून कोणाची सुटका नाही. साध्या संगणकात इतर उष्णताच इतकी असते की ही कळून येत नाही. शीतकोशातल्या पट्ट्या मात्र निसर्गाने घालून दिलेल्या अगदी किमान मर्यादेवर चालत, म्हणून तिथे एक पान पुसल्याची ऊबसुद्धा मापीवर उमटायला हवी.

"एका पानाला रेघेवर एक दात," त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "दोन लाख पानं गेली असती, तर ही रेघ छताला लागली असती. पाहा, सपाट आहे."

"मापी बिघडली असेल, सर."

"बिघडलेली नाही. इथे बघा, अकरा वाजून नऊ मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर. हा एक दात आहे. एकच."

हर्षलाने पट्टी हातात घेतली. पुसलं तर आहे, यंत्रणा खोटं बोलत नाही, फडताळच उरलेलं नाही, असं ती म्हणाली.

"पुसलंच आहे. पण पुसणं दोन तऱ्हेचं असतं. तुमच्या आई विणकाम करायच्या?"

"करतात अजून."

"त्यांनी दोन सारखे स्वेटर विणले आणि त्यातला एक मोडायचा ठरवला, तर दुसरा समोर ठेवून टाका न् टाका उलटा उसवता येतो. कात्री लावावी लागत नाही. लोकर जशीच्या तशी हातात येते. आपल्या पट्ट्या तेच करतात. पुसायची आज्ञा आली की यंत्र आधी अख्ख्या कोशात त्या पानाचं जुळं शोधतं. जुळं सापडलं, तर त्याच्याकडे बघत बघत ही प्रत उलटी उसवतं. काहीच हरवत नाही, म्हणून ऊबही सुटत नाही. जुळं नसेल, तरच कात्री." त्यांनी त्या एकुलत्या दाताकडे बोट केलं. "कात्री एकदाच लागली आहे. बाकी प्रत्येक पानाचं जुळं या कोशात कुठेतरी आहे, मॅडम. या क्षणी आहे. नसतं तर ते इतकं थंड गेलंच नसतं."

हर्षला उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. फडताळातल्या फडताळात जादा प्रती होत्या, त्यामुळे असं झालं असेल का, हे तिने विचारून घेतलं. लांजेवारांनी मान हलवली. त्याही सगळ्या गेल्या, आणि शेवटची प्रत जाताना तरी ऊब सुटायलाच हवी होती. जुळी बाहेर होती, दुसऱ्या विभागांत.

पण कुठे? ते यंत्र सांगत नसे. एका विभागाचं दप्तर दुसऱ्याला दिसू नये म्हणून जुळी शोधणारा थर मुद्दाम मुका ठेवला होता. मात्र पुसलेल्या प्रत्येक फायलीमागे एक समाधी-नोंद राहते: तिचं नाव, पुसल्याची वेळ आणि तिच्यातल्या प्रत्येक पानाचा अंकठसा. अंकठशावरून पान वाचता येत नाही, पण पान समोर आलं तर ते हेच का, एवढं छातीठोकपणे सांगता येतं. एकेका विभागाला ठसे पाठवून, हे तुमच्याकडे आहेत का, असं विचारत सुटायचं, एवढाच मार्ग होता. विभाग होते बेचाळीस.

हर्षला खाली गेली आणि पार्बताबाईंना म्हणाली, कागद मेलेले नाहीत, पण कुठे आहेत ते ठाऊक नाही. या बातमीवर दुसरं कोणी गोंधळलं असतं. पार्बताबाईंना त्यात नवल वाटलं नाही.

"कोठी असतीन ते मी सांगतो ना," त्या म्हणाल्या. "तिसेक वर्सं चपला घासल्या बाई मी. मत्स्यवाल्याकडे गेलं का थो म्हणे, तुमच्या कागदाची प्रत आली हाये आमाले, पण निर्णय आमचा नाई. पाटबंधारेवाल्याकडे गेलं का त्याच्याकडे बी तेच बंडल. तहसीलीत तेच. पंचायत समितीत तेच. काम कोनी करे नाई, पण प्रत सगळ्यायकडे."

हर्षलाला हसू फुटलं. त्या दिवसातलं ते पहिलं हसू होतं. जी सरकारी खोड शंभर वर्षं सगळ्यांच्या शिव्या खात आली, तिच्यावर आता चौसष्ट घरांची भिस्त होती. साध्या दोन ओळींच्या पत्रालाही मागचं सगळं बंडल "सोबत वरीलप्रमाणे" म्हणून जोडायचं, आणि खाली "प्रत माहितीसाठी सविनय सादर" म्हणून सहा कचेऱ्यांची नावं घालायची. सातवी प्रत निवड नस्तीत, म्हणजे काढलेला प्रत्येक आदेश कचेरीने स्वतःपाशी ठेवायच्या फायलीत. जुने कागद एकदा स्कॅन झाले, त्यानंतर त्या स्कॅनचीच प्रत तीस वर्षं कचेरी-कचेरीत फिरत राहिली होती. म्हणूनच ती टिंबाटिंबाने जुळी होती.

पार्बताबाईंनी सांगितलेल्या क्रमाने हर्षलाने ठसे पाठवले. सोमवारी दुपारी मत्स्यव्यवसायाकडून पाचशे फायलींची पानं जुळली. मंगळवारी पाटबंधारे आणि तहसील. काही कचेऱ्यांनी लेखी मागणीपत्र मागितलं, ते तिने दिलं, आणि त्याच्या प्रती सहा ठिकाणी पाठवल्या, या वेळी खुशीने. लांजेवार आलेखाचं काम सोडून तिच्या शेजारी बसून फायलींची नावं लावत होते. पार्बताबाई रोज सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. सासऱ्याच्या अंगठ्याचा कागद पंचायत समितीच्या दप्तरातून परत आला तेव्हा हर्षलाने तो पडद्यावर मोठा करून दाखवला. पार्बताबाईंनी पडद्याला हात लावला आणि तोंडाला पदर लावला.

बुधवारी दुपारपर्यंत एक हजार तीनशे एकोणचाळीस फायली परत आल्या. राहिली एक. एक पानी. हर्षलाने तिची समाधी-नोंद उघडली. पुसल्याची वेळ: अकरा वाजून नऊ मिनिटं एकेचाळीस सेकंद. मग तिने नाव वाचलं. ढिवरांचे हक्क संपुष्टात आणल्याचा आदेश होता तो.

याचा अर्थ बाहेर काय लावला जाईल ते सांगायला नको होतं. पुसणारी बाई, कागद मागणाऱ्या बाई तीन दिवस तिच्याच कचेरीत बसलेल्या, आणि दोन लाख पानांतून नेमकं त्यांच्या विरोधातलं एक पान नाहीसं. नोटीस सोडाच, पोलीस ठाण्याची पायरी दिसत होती.

"सर, हा दात अहवालात घालायचा का?" तिने विचारलं.

लांजेवार म्हणाले, "तो नाही घातला, तर बाकीच्या सपाट रेघेवर तरी कोण विश्वास ठेवील?"

तिने दात घातला. "निरंक"ची गोष्ट घातली, बंद केलेले प्रश्न घातले, कायमची खूण घातली. पार्बताबाईंनाही तिने खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तो कागद गेला तरी कंपनीच्या वकिलाकडे त्याची छापील प्रत आहे, त्यानं काही फरक पडत नाही. तू मात्र फुकट फसशीन, पोरी. आणि घरी जाताना त्यांनी तिच्या टेबलावर वाळवलेल्या शिंगाड्यांची पुडी ठेवली.

गुरुवारी न्यायाधिकरणाच्या दालनात खैरटोल्याची तीस-चाळीस माणसं भिंतीला टेकून उभी होती. न्यायाधिकारी श्रीमती नुसरत पठाण यांनी हक्कनोंदींचा गठ्ठा सकाळभर तपासला. अंकठसे जुळत होते, त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. मग कंपनीचे वकील उठले. त्यांनी आपल्याकडची छापील प्रत वर धरली. जुने हक्क होते हे आम्ही नाकारतच नाही, पण अकरा वर्षांपूर्वी ते संपले, हा त्याचा आदेश, असं म्हणून त्यांनी हर्षलाकडे मोहरा वळवला. मूळ आदेश सरकारी कोशात सुरक्षित होता. सोमवारी तो या बाईंनी पुसला. बाकी सगळं चमत्कारासारखं परत आलं, हाच एक आला नाही. यातून काय समजायचं ते समजावं.

न्यायाधिकाऱ्यांनी हर्षलाला पुढे बोलावलं. ती उभी राहिली. आज्ञा तिने दिली हे तिने कबूल केलं, आणि आज्ञा अख्ख्या फडताळाला लागली, एकेक पान तिने निवडलं नाही, हेही सांगितलं. मग तिने लांजेवारांचा आलेख समोर ठेवला आणि स्वेटरची उपमा तशीच्या तशी वापरली. न्यायाधिकाऱ्यांनी ती दोनदा सांगायला लावली आणि लिहून घेतली.

"म्हणजे ज्या पानाचं जुळं होतं ते थंड गेलं," त्या म्हणाल्या. "आणि हे पान?"

"ऊब सोडून गेलं, मॅडम."

"का?"

उत्तर तीन दिवस हर्षलाच्या समोर होतं. ते आपल्याला येत नव्हतं असंही नाही. पण ते तिने मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हणता म्हणताच ते तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

"कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती," ती म्हणाली. "राज्याच्या एकाही विभागाच्या दप्तरात नव्हती. सोमवारी सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी हे पान अख्ख्या शीतकोशात एकटं होतं."

वकिलांना यातला धोका कळला नसावा. ते घाईने म्हणाले की हा आदेश रीतसर काढलेला, रीतसर पाठवलेला आहे, शंका असेल तर खालच्या ओळी पाहाव्यात. न्यायाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून ती छापील प्रत मागून घेतली आणि खालच्या ओळी सावकाश वाचल्या. प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी. उपविभागीय अधिकारी. तहसीलदार. मत्स्यव्यवसाय. पाटबंधारे. पंचायत समिती. निवड नस्ती.

"सात," त्यांनी मोजलं. "यातली एक जरी प्रत निघाली असती, तर हे पान थंड गेलं असतं. तसंच ना, लांजेवार?"

लांजेवार मागच्या बाकावरून उठले. "एक जरी असती, तरी," ते म्हणाले. "निसर्गाला त्यात सूट देता येत नाही, मॅडम."

"कोणी नंतर सातही प्रती काढून टाकल्या असतील तर?"

त्याचा विचार हर्षलाने त्याच क्षणी केला. सात प्रती एकेक करून पुसल्या असत्या तर त्या थंडच गेल्या असत्या, हे खरं. पण कोशात पुसलेल्या प्रत्येक फायलीची समाधी-नोंद राहते आणि तिच्यात ठसा राहतो. तिने तिथल्या तिथे परवानगी मागितली, न्यायाधिकाऱ्यांनी दिली, आणि दालनातल्या पडद्यावरून तिने बेचाळीस विभागांच्या समाधी-नोंदींना तो ठसा विचारला. यंत्रणेने अदबीने उत्तर दिलं. एक नोंद. खैरटोला फडताळ, सोमवार. दुसरी नाही.

न्यायाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. हा कागद फडताळात कोणी आणि कधी सरकवला, ते शोधायचं काम दुसऱ्यांचं आहे आणि ते त्यांना सांगितलं जाईल, असं त्या म्हणाल्या. मला आज एवढंच बघायचं आहे की हा आदेश होता का. जो कोणाला पाठवलाच नाही, ज्याच्यासाठी तो काढला त्या चौसष्ट घरांना नाही, सहा कचेऱ्यांतल्या एकीलाही नाही, आणि ज्याने तो काढला म्हणता त्याच्या स्वतःच्या नस्तीतही नाही, तो आदेश म्हणून कोणावर लागू होत नाही. हक्क कायम. तलावाला कुंपण पडणार नाही.

भिंतीला टेकलेली माणसं जागची हलली नाहीत. वाक्य पूर्ण झालं की नाही, याचा त्यांना भरवसा नव्हता. मग पार्बताबाई मटकन खाली बसल्या, आणि त्यांच्या आजूबाजूच्या बायका त्यांना उठवता उठवता स्वतःच रडायला लागल्या. हर्षला आपल्या जागी उभीच होती. तिच्यावरची नोटीस कायम होती, आणि तिचं उत्तर तिला सोमवारी द्यायचं होतं. पण आता तिला त्याची भीती वाटत नव्हती.

न्यायाधिकाऱ्यांनी लघुलेखकाला निकाल सांगायला सुरुवात केली. सगळा सांगून झाल्यावर त्याने मान वर केली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, प्रती कोणाकोणाला घालायच्या? त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांपासून सुरू केलं, निवड नस्तीपाशी येऊन थांबल्या, आणि पार्बताबाईंकडे बघून म्हणाल्या की सोसायटीला एक द्यायचीच आहे, आणखी कोणाला हवी का.

पार्बताबाईंनी डोळे पुसले.

"जेवढ्या निंगतीन तेवढ्या काढा जी," त्या म्हणाल्या. "चौसष्ट घरं हावो आमी."